कडू दवणा: ओळखायचा कसा, जगवायचा कसा आणि घ्यायचा किती

पाडव्याला कडुनिंबाची चटणी खाताना आपण गूळ, ओवा, चिंच घालून कडूपणा झाकतो. कडू दवणा या औषधी झाडाचा कडूपणा असा झाकला जात नाही. युरोपच्या औषधसंहितेत या पाल्याच्या दर्जाची अट अशी आहे, की १ ग्रॅम वाळलेल्या पाल्याचा अर्क १० लिटर पाण्यात पसरला तरी जिभेला कडू लागला पाहिजे. म्हणजे चमचाभर पाला आणि अख्खी बादली पाणी. हे प्रमाण डोक्यात ठेवूनच पुढे वाचा, कारण नवखे चुकतात ते मापातच. सवय काढ्याची असते, मूठभर टाकायची आणि उकळत ठेवायची.

नावांचा गुंता आधी सोडवा

झाडाचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ॲब्सिंथियम. काष्ठौषधीच्या दुकानात ते ‘अफसंतीन’ म्हणून मागायचं. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तिथे युनानी हकिमीला राजाश्रय होता, आणि त्यामुळे हकिमांच्या यादीतलं हे नाव आपल्याकडच्या जुन्या दुकानदारांना परकं नाही. काश्मीरमध्ये हेच झाड डोंगरउतारांवर आपसूक वाढतं, तिथे त्याला तेथवन म्हणतात. मराठी बायबलात त्याला ‘कडूदवणा’ असा नेमका शब्द आहे. आपणही तोच वापरू.

आता गल्लत कुठे होते ते बघा.

दवणा, म्हणजे चैत्रात देवाला वाहतो तो, याच कुळातला असला तरी वेगळा आहे. त्याचा वास गोड, फळासारखा. रोप गुडघ्याच्या आतबाहेर, आणि एका हंगामात संपणारं. कडू दवणा कमरेपर्यंत जातो, बुडाशी लाकडासारखा होतो आणि नीट जगवला तर काही वर्षं टिकतो. वास उग्र, थोडा कापरासारखा.

किरमाणी ओवा हाही आर्टेमिसियाच. त्याच्या कळ्यांतलं सँटोनिन पूर्वी जंतांवर द्यायचे. डोस जास्त झाला की माणसाला सगळं पिवळं दिसू लागे. आणि खुरासानी ओवा तर या घराण्यातलाच नाही, तो धोतऱ्याच्या भाऊबंदांतला, विषारी. दुकानात नुसतं ‘तो कडू ओवा द्या’ म्हणालात तर काय पुडीत येईल याचा नेम नाही. नागदवण्याचंही तसंच. रोपवाटिकेत या नावाखाली लिलीसारखी रुंद पानं असलेलं, कांद्यावर वाढणारं झाड मिळतं. त्याचा कांदा पोटात गेला तर उलट्या होतात.

पण मराठवाड्यात सगळ्यात मोठा धोका आहे गाजर गवताचा. काँग्रेस गवत म्हणा हवं तर. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आज एकही बांध त्याच्यापासून सुटलेला नाही. कोवळेपणी त्याचं कातरलेलं पान दवण्याच्या पानासारखंच दिसतं. ‘आमच्या रानात खूप आलाय हा कडू दवणा’ असं कुणी सांगितलं, तर ते बहुतेक गाजर गवतच असतं. आपल्या माळावर कडू दवणा आपोआप उगवत नाही.

ओळख अशी करा. एक पान तोडून उजेडात धरा. कडू दवण्याचं पान दोन्ही बाजूंनी रुपेरी-राखाडी असतं आणि बोटाला मखमल लागते, कारण त्यावर बारीक रेशमी लव असते. वरून हिरवं आणि खालून पांढरं असेल तर ती आर्टेमिसियाची दुसरी जात. दोन्हीकडून हिरवं आणि हाताला खरखरीत असेल तर गाजर गवत, तिथेच सोडा आणि हात धुवा. फुलं आली असतील तर प्रश्नच मिटतो: कडू दवण्याची फुलं फिक्या पिवळ्या रंगाची, मिरीएवढी, खाली माना घातलेली. गाजर गवताची पांढरी.

दुकानातला वाळलेला माल घेताना पुडी उघडून घ्या. राखाडी लव दिसली पाहिजे, गोल कळ्या दिसल्या पाहिजेत, आणि चोळल्यावर वास डोक्यात गेला पाहिजे. नुसत्या काड्याच असतील तर परत द्या. पूड तर घेऊच नका, पुडीत काय दळलंय ते कोण बघायला गेलंय.

पानात दोन गोष्टी असतात

हा भाग वगळू नका, पुढची प्रत्येक पायरी यावर अवलंबून आहे. पानात एक असतो कडू द्रव्यांचा गट, त्यातलं मुख्य ॲब्सिंथिन. दुसरं असतं उडून जाणारं तेल, आणि त्या तेलात असतो थुजोन. भूक लागते ती कडूपणामुळे: जिभेला कडू लागलं की तोंडाला पाणी सुटतं, पोटातला पाचक रस वाढतो. अपाय होतो तो थुजोनमुळे. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारी जी यंत्रणा आहे तिला तो अडवतो, आणि प्रमाण वाढलं की झटके येतात.

आता सोयीची गोष्ट अशी, की कडू द्रव्य पाण्यात चांगलं उतरतं आणि थुजोन पाण्यात फारसा उतरत नाही. दारूत मात्र तो मजेत उतरतो. म्हणून पाण्यातला फांट, म्हणजे उकळत्या पाण्यात पाला थोडा वेळ भिजवून गाळलेलं पाणी, हा या झाडाचा त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकार. दारूत भिजवलेला अर्क घरी करू नका, आणि बाटलीतलं शुद्ध तेल तर पोटात जाताच कामा नये. १९९७ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक नोंद आली: ३१ वर्षांच्या माणसाने हे तेल इंटरनेटवरून मागवलं, दारू समजून सुमारे १० मिलिलिटर प्यायला, झटके आले, स्नायू फुटले आणि मूत्रपिंडं बंद पडली. १० मिलिलिटर म्हणजे दोन चहाचे चमचे.

लावणी: कधी, कशात

हे थंड मुलखातलं झाड. आपल्याकडचा उन्हाळा ते सोसतं, पण मरतं ते पावसाळ्यात. बहुतेक लोक उलट समजून उन्हाळ्यात पाणी ओततात आणि पावसाळ्यात निश्चिंत राहतात.

काळ्या कापसाच्या जमिनीत सरळ लावू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. चोपणात तर नकोच. मुरमाड माळ असेल तर जमिनीत चालेल, नाहीतर १२ इंची कुंडी घ्या, शक्यतो मातीची, बुडाला तीन भोकं असलेली. भरायला चार वाटे बारीक मुरूम, दोन वाटे पोयट्याची माती, एक वाटा जाड वाळू आणि एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत. भरून झाल्यावर एक तांब्या पाणी ओता. मिनिटभरात खालून वाहिलं पाहिजे. पाणी वर साचून राहिलं तर मुरूम वाढवा. आपल्या जमिनीतली चुनखडी या झाडाला मानवते, त्यामुळे बोअरच्या जड पाण्याची काळजी करायचं कारण नाही.

खत वाढवायचा मोह आवरा. जास्त शेणखतावर पाला भराभर वाढतो, पण मऊ आणि हिरवट होतो, वास कमी येतो आणि पहिल्याच झडीत आडवा पडतो. रासायनिक खत लागत नाही.

पेरणी दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली की. परभणीकडे थंडी एक आकड्यावर उतरते, ती या बियाण्याला सोसते, पण उगवण दिवसाच्या १५ ते २० अंशांत चांगली होते. बी धुळीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. म्हणून चिमूटभर बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळा आणि पसरट ट्रेमध्ये वरून भुरभुरा. तळहाताने दाबा. वर माती टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलंत तर बी एका कोपऱ्यात वाहून जाईल. त्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा आणि वरची माती ओली दिसली की उचलून घ्या. दहा ते वीस दिवसांत उगवण. रोपं दाट झाली आणि माती सतत ओली राहिली की देठ बुडाशी बारीक होऊन माना टाकतात. ही मर. एकदा लागली की त्या भागातली रोपं गेली म्हणून समजा, उरलेली विरळ करा आणि हवा लागू द्या. सहा पानं झाली की कुंडीत एकेक रोप.

बी मिळालं नाही आणि कुणाकडे झाड असेल तर फेब्रुवारीत फाटे लावा. बोटभर लांब, बुडाशी किंचित टणक झालेली फांदी घ्या, खालचा अर्धा पाला काढा, वाळू-मुरमात खोचा, सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. पाच लावले तर दोन-तीन जगतील असा हिशोब धरा. घरात झाड असलं तरी दर फेब्रुवारीत दोन फाटे लावून ठेवावेत, पावसाळ्याचा विमा म्हणून.

शेजारी काय लावता तेही बघा. पानांवरून ओघळणारं कडू पाणी जमिनीत उतरतं आणि बाजूची रोपं खुरटतात. बडीशेपेवर हा परिणाम फार ठळक दिसतो. परसात लावणार असाल तर कोथिंबीर, बडीशेप, मेथीपासून तीन हात लांब. आणि शेळ्या असतील तर कुंपण करा. शेळी एरवी याला तोंड लावत नाही, पण चारा संपला की खाते, आणि मग दूध कडू होतं.

वर्षभराचं वेळापत्रक

मार्चपासून दुपारी सावली मिळेल अशी जागा. हिरवी जाळी लावली तर उत्तम. पारा ४२ च्या वर गेला की पानं मिटल्यासारखी दिसतात. ते पाणी कमी पडलंय म्हणूनच असतं असं नाही. मातीत बोट दोन पेरं घाला, तिथे ओल असेल तर पाणी देऊ नका. कोरडं लागलं तर संध्याकाळी द्या.

मे अखेरीस, पहिल्या वळवाच्या आसपास, झाडाची उंची एक तृतीयांश कमी करा आणि आतली गर्दी काढा. पावसाळ्यात हवा खेळली पाहिजे. कुंडी पत्र्याखाली किंवा पडवीच्या कडेला, जिथे ऊन मिळेल पण झड लागणार नाही. खालची पानं काळी पडून चिकटायला लागली तर ती रोज काढा. बुडाचं खोड दाबल्यावर मऊ लागलं तर झाड वाचत नाही, वरचे निरोगी शेंडे कापून फाटे करा. थंडीत मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो.

तोडणी आणि वाळवण

पुस्तकांत लिहिलेलं असतं, फुलोऱ्यात शेंडे तोडा. आपल्या मैदानी हवेत फुलोरा येईलच असं नाही, त्याची वाट बघत बसू नका. पहिल्या वर्षी फारसं तोडू नका. दुसऱ्या वर्षी थंडीच्या अखेरीस, दव उडून गेल्यावर सकाळी, वरचे वीतभर शेंडे घ्या. जाड काड्या नकोत.

वाळवायचं सावलीत. माळवदावर किंवा स्लॅबवर उन्हात पसरलं तर दोन तासांत कडकडीत होतं खरं, पण तेल उडालेलं असतं, रंग पिवळट पडतो आणि वास जातो. कडूपणा राहतो, त्यामुळे कळतही नाही की माल अर्धा गेला. चादरीवर एकच थर, खोलीत पंखा, दिवसातून एकदा उलथापालथ. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. देठ वाकवल्यावर कट्‌कन मोडला की झालं. नुसता वाकला तर अजून ओल आहे, तसाच बरणीत भरला तर बुरशी येते. अर्धा किलो ओला पाला वाळून साधारण शे-सव्वाशे ग्रॅम उरतो. घरात दोघं असतील तर वर्षाला त्याच्या निम्माही लागत नाही.

काचेची बरणी, घट्ट झाकण, अंधार, वर नाव आणि तारीख. चहा-मसाल्यांच्या फळीवर ठेवू नका. वर्षभरानंतरचा पाला पोटात घेण्याऐवजी कपड्यांसाठी वापरा.

फांट कसा करायचा

आधी कुणी घेऊ नये ते: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, १८ वर्षांखालची लेकरं, फिट येणारे, यकृताचा आजार असलेले, पित्तनलिकेत अडथळा किंवा पित्तखडे असलेले, पोटात व्रण असलेले. आणि गाजर गवताने ज्यांच्या अंगावर खाज-पुरळ उठतं त्यांनीही, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली, ॲलर्जी एकीकडून दुसरीकडे जाऊ शकते. रोजच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

उरलेल्यांसाठी, भूक मंदावली असेल किंवा जेवण जड होत असेल तर, युरोपीय औषध नियामक संस्थेने प्रौढांसाठी दिलेलं प्रमाण असं: एका वेळी १ ते १.५ ग्रॅम वाळलेला पाला, १५० मिलिलिटर उकळतं पाणी. दिवसाला एकूण २ ते ३ ग्रॅम. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबून डॉक्टर गाठायचा.

१ ग्रॅम म्हणजे किती हे डोळ्यांनी सांगू नका. पाला हलका असतो, चुरगळलेला आणि अख्खा यांत चमच्याला दुप्पट फरक पडतो. दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. सुरुवात अर्ध्या ग्रॅमपासून करा.

पाणी उकळा, गॅस बंद करा, मग पाला टाका. झाकण ठेवा. पाच मिनिटं, फार तर दहा. मग मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. चहाच्या गाळणीतून पानांवरची बारीक लव निसटते आणि घशाला खवखवते. जेवणाआधी अर्धा तास, कोमट, घोट-घोट.

काढ्यासारखं उकळून आठवा हिस्सा उरवायचा नाही. त्याने औषध ‘कडक’ होत नाही, नुसतं पिता येणार नाही इतकं कडू होतं आणि मळमळतं. गूळही घालू नका. कडू चव जिभेला लागणं हेच इथलं काम आहे. म्हणूनच कॅप्सुलमध्ये भरून गिळण्यात मतलब नाही. दुधाच्या चहात तर अजिबात नको, चहाही गेला आणि औषधही गेलं.

डोकं जड वाटलं, गरगरलं, हात थरथरले तर बंद. घेतल्यावर कसं वाटतं ते कळेपर्यंत गाडी चालवू नका.

दोन गोष्टींसाठी याच्या नादी लागू नये. एक, जंत. याचं ‘वर्मवुड’ हे इंग्रजी नावच जंतांवरून (‘वर्म’) आलंय असं लोक सांगतात आणि लेकरांना पाजायला निघतात. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते, ती द्या. दुसरी, मलेरिया. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन या झाडात नसतं, ते आर्टेमिसिया ॲनुआ या दुसऱ्या जातीत असतं. ते वेगळं काढणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्यांनाही ते साधलं ते जुन्या चिनी ग्रंथातली थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती वाचून, उकळण्याने द्रव्य नासतं हे लक्षात आल्यावर. नावं मिसळून लोक भलतंच पितात.

थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

रोमन काळातला प्लिनी लिहितो, की रथांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला कडू दवणा प्यायला देत. आरोग्य हेच बक्षीस. ग्रीकांचा शब्द ॲप्सिंथियॉन. तो अरबीत जाऊन अफसंतीन झाला, जुन्या काळचा वैद्य इब्न सीना याच्या ग्रंथामार्फत हकिमांच्या पेटीत आला आणि त्यांच्याबरोबर दख्खनेत. तोच शब्द फ्रेंचांकडे ॲब्सिंथ झाला, या झाडापासून केलेल्या हिरव्या दारूचं नाव. जर्मन नाव वेर्मुट, त्यावरून व्हरमूथ ही दारू, जी १७८६ मध्ये तुरीनला कार्पानोने विकायला आणली.

ॲब्सिंथची गोष्ट दोन द्रव्यांची मघाची गोम पक्की करते. ती दारू गाळून करतात. गाळताना उडणारं तेल वाफेबरोबर वर येतं आणि कडू द्रव्य भांड्यात मागे राहतं. म्हणजे आपल्या फांटाच्या बरोबर उलट. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लानफ्रे नावाच्या मजुराने दारूच्या नशेत बायको आणि मुलींना मारलं. दिवसभर तो वाइन आणि ब्रँडी ढोसत होता, ॲब्सिंथ दोनच पेले, पण खापर फुटलं हिरव्या दारूवर. स्वित्झर्लंडमध्ये १९१० पासून, अमेरिकेत १९१२ ला, फ्रान्समध्ये १९१५ ला बंदी आली. पुढे जुन्या सीलबंद बाटल्या तपासल्या तेव्हा त्यांत थुजोन अफवेइतका निघालाच नाही. माणसं बिघडली ती मुख्यतः दारूनेच. यावरून थुजोन निर्धोक असा अर्थ मात्र काढू नका, वरची १० मिलिलिटरची नोंद आठवा.

पोटाबाहेरचे उपयोग

पैठणी, हिमरू शाल, लोकरीचे कपडे यांत कसर लागू नये म्हणून मलमलच्या पुरचुंडीत २० ग्रॅम पाला बांधून ठेवा. पुरचुंडी जरीला टेकू देऊ नका, कपडा आधी सुती धडप्यात गुंडाळा. सहा महिन्यांनी वास गेला की बदला. कपाटातली कसर आधीच लागलेली असेल तर याने मरत नाही, कपडे उन्हात झटकूनच घ्यावे लागतात.

ज्वारीच्या कणगीत मात्र टाकू नका. कडुनिंबाचा पाला चालतो म्हणून हाही चालेल असं वाटतं, पण याची लव आणि भुगा दाण्यांना चिकटतो, आणि एका मुठीने पोतंभर ज्वारीची भाकरी कडू होते. गिरणीवाल्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचीसुद्धा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड बुडाशी लाकूड होऊन मध्येच विरळ पडतं. तेव्हा फाट्यांवरून नवं रोप करा आणि जुनं उपटा. उपटलेलं झाड उकिरड्यात किंवा गांडूळ खताच्या हौदात टाकू नका, त्या खतात पुढे बी नीट उगवत नाही. उन्हात वाळवून बंबात घाला, आणि कुंडीतली माती बदलल्याशिवाय तिच्यात कोथिंबीर पेरू नका.